गव्हाणीतून काढलेल्या काड्या

२ डिसेंबर, सोमवार

दुसरीच्या वर्गात आज गव्हाण आली. आमच्याच घरची, माळ्यावरची, चार फळकुटांची. दाराशेजारी स्टुलावर ठेवली आणि बाजूला गव्हाच्या काडाची पेंढी. नाताळपर्यंत प्रत्येक चांगल्या कामामागे मुलांनी एक काडी गव्हाणीत टाकायची, म्हणजे बाळ येशू येईल तेव्हा त्याचं अंथरूण मऊ असेल. रीत जुनीच आहे, मीही लहानपणी टाकल्यात. माझी भर एवढीच, की खोडी केली की एक काडी काढायची. ज्याने केली त्यानेच, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने. काढलेली काडी माझ्या कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात जाणार आणि कुलूप लागणार.

मुख्याध्यापिका सिस्टर सालोमेआ गव्हाणीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. "उर्शुला, टाकायची रीत ठाऊक आहे. काढायची कुठून आणलीस?"

"सिस्टर, नुसतं टाकत बसलं तर हा वर्ग जूनपर्यंत असाच ओरडत राहील."

"बघ बाई. वर्ग तुझा. नाताळनंतर बोलू."

त्या 'बोलू'त काय आहे ते मला कळतं. पालकांच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर आहेत हे मला माहीत आहे. माझ्या वर्गातला गोंगाट खालच्या चर्चमध्ये ऐकू जातो म्हणे.

आईला सांगितलं तर हसायला लागली. "उला, तू टाकायचीस त्या काड्या माझ्या केरसुणीच्या असायच्या. चांगलं काम एक नाही! नाताळला केरसुणीचा नुसता दांडा उरायचा."

असं काही मला आठवत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

चाललंय! आज गणिताच्या तासाला टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. कुणी हूं केलं की मी फक्त गव्हाणीकडे बघते. ओरडावं लागत नाही. घसा इतका बरा आहे की संध्याकाळी आईशी भांडायला उरला.

एकटी कलिना स्तेत्स तेवढी ऐकत नाही. सात वर्षांची, काटकुळी, पायमोजे कायम वेगवेगळ्या रंगांचे. चिमटे काढते, दूध सांडते, मध्येच उठून खिडकीशी जाऊन उभी राहते. गेल्या वर्षी अशी नव्हती असं पहिलीच्या बाई सांगतात. बिघडायला काही लागतं का? आज तिने तीन वेळा काडी काढली. काढताना निवडून सगळ्यांत तुटकी काढते. चलाख आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

संत निकोलसचा दिवस. रात्री घरी मांडून ठेवलेल्या सगळ्यांच्या बुटांत संतांची चॉकलेटं होती, कलिनाच्या बुटात म्हणे काही नव्हतं. लिद्काने मोठ्याने सांगितलं, "वाईट मुलांना मिळत नाही." लिद्का म्हणजे वर्गातली सगळ्यांत नीटनेटकी मुलगी, आई पालक समितीची प्रमुख. मग म्हणाली, "बाई, कलिनामुळे बाळाच्या पाठीला टोचणार." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जेवणाला जाताना रांगेत कलिनाचा हात कुणी धरेना. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. मुलंच मुलांना वळण लावताहेत, माझं अर्धं काम झालं.

सुट्टीत कलिना टेबलाशी आली. "बाई, अगदी लहान बाळ असलं तर किती काड्या लागतील? एवढुसं?" दोन तळवे जोडून दाखवले. एवढुशी तर मांजराची पिल्लं असतात.

मी म्हटलं, "जितक्या जास्त तितकं बरं. आणि जी मुलगी रोज काढायला लावते ना, तिच्यामुळे बाळ उघड्या लाकडावर निजणार."

ती पांढरी पडली. बरोबर ठिकाणी लागलं, असं मला वाटलं.

९ डिसेंबर, सोमवार

कलिनाच्या वडिलांना बोलावलं होतं. रोमान स्तेत्स, लाकडाच्या गिरणीत रात्रपाळीला असतात. ही माणसं दोन वर्षांपूर्वी पश्चिमेकडून इथे आली, गावात त्यांचं कुणी नाही. दाढी वाढलेली, टोपी हातात पिळत बसले. मी सगळा पाढा वाचला. ते नुसते "हो बाई, हो बाई".

"आणि हिच्या आई? त्या का नाही आल्या?"

"ती सध्या घरी नसते."

"परदेशी कामाला?"

"नाही. झेशूफला."

तासाभराच्या शहरात राहणारी आई मुलीच्या शाळेत यायला तयार नाही, म्हणजे काय ते मी ओळखलं. ते पुढे काहीतरी सांगणार होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकलं मात्र, खुर्ची पाडून धावत सुटले. टोपी माझ्या टेबलावर. निरोपसुद्धा नाही! मुलगी कुणावर गेली ते कळलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "टोपी टाकून पळणारा माणूस उद्धट नसतो गं, घाबरलेला असतो." आईला सगळ्यांचं भलं दिसतं, म्हणून तिला कुणी वर्ग दिला नाही.

११ डिसेंबर, बुधवार

काल आणि आज सकाळी कलिना गायीसारखी गरीब. फळा पुसला, सगळ्यांचे हातमोजे शेगडीवर वाळत घातले, न सांगता. प्रत्येक वेळी गव्हाणीत काडी टाकून ती हाताने दाबून बसवायची. मी मनात म्हटलं, बघा सिस्टर.

आणि दुपारी लिद्का तिला म्हणाली, "तुझी काडी चालत नाही, तू टाकलेली बाळाला टोचते." कलिनाने तिच्या मनगटाचा चावा घेतला. दात उमटले. लिद्काने किंकाळ्या फोडून शाळा गोळा केली.

नियम एका काडीचा होता. पण मला इतका संताप आला, की म्हटलं, जितके दात उमटलेत तितक्या काढ. ती एकेक काढत गेली आणि मी मोजत गेले.  शेवटी ती हळूच म्हणाली, "बाई, पुरे ना. त्याला थंडी वाजेल."

"हे चावण्याआधी सुचायला हवं होतं."

संध्याकाळी लिद्काच्या आईचा फोन. अशी मुलगी ख्रिस्ती शाळेत राहायलाच नको, सिस्टरांनी जानेवारीआधी तिला काढावं, नाहीतर त्या इतर पालकांना घेऊन येतील. मी सिस्टरांना सांगायला गेले. त्या जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "तू कलिनाच्या घरी गेली होतीस?"

"वडील येऊन गेले ना."

"ते आले होते हे मला माहीत आहे. तू गेलीस का, विचारलं."

रविवारी जाईन. जेवण गेलं नाही आज. ती मोजणी सारखी कानात येते आहे, आणि आवाज माझाच आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

कलिना आज एका शब्दाने बोलली नाही. फक्त गणिताच्या तासाला हात वर केला. मला वाटलं, उत्तर देते.

"बाई, झेशूफची बस चर्चपुढून सुटते की गिरणीकडून?"

"चर्चपुढून. पण बेरजेत बस कुठून आली?"

सगळे खो खो हसले. तीही बसली खाली. वर्ग हसला की मला बरं वाटतं, वाटतं, आहे अजून आपल्या हातात.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सिस्टरांच्या खोलीत बसून लिहिते आहे. "फोनजवळ थांब, हलू नकोस," असं सांगून त्या बाहेर गेल्यात. नुसतं बसवत नाही, म्हणून हे.

पहाटे अंधारात चर्चमध्ये मिस्सा झाली. नाताळआधीच्या आगमनकाळात रोजच असते, मुलं कागदी कंदील घेऊन येतात. कलिना होती, मी तिचा कंदील पाहिला, निळ्या कागदाचा. मिस्सेनंतर मुलं कोको आणि पाव खायला खाली गेली आणि मी वर्गात आले. गव्हाण रिकामी. एक काडी नाही. फळकुटं झटकून पुसल्यासारखी.

मी काय करायला हवं होतं? मुलं मोजायला हवी होती. मी काय केलं? सगळ्यांना बाकांवर उभं केलं आणि चोर विचारत बसले. कलिनाची जागा रिकामी होती. लिद्का म्हणाली, "बाई, कलिनाच असणार." मीही तेच धरलं होतं. मला वाटलं, लपली असेल मुतारीत, लाज वाटली की येईल. शोधायला कुणाला पाठवलं नाही. बसू दे, म्हटलं. अख्खा तास मी बाळ येशूचं अंथरूण चोरण्याबद्दल बोलत होते. दोघं रडली. मला थांबता येईना.

मग दार उघडून सिस्टर आल्या. हातात निळा कंदील, विझलेला. "हा बस थांब्याच्या बाकावर होता. मुलगी कुठे आहे?"

मी म्हटलं, "मुतारीत." आणि म्हणतानाच कळलं की मला माहीत नाही.

बाहेर बर्फ पडतोय. पोलीस आलेत. फादर नदीकाठी गेलेत. नदीकाठी का?  बसचं मी सांगितलं, कालचा प्रश्नही सांगितला. 

वडील आत्ता येऊन गेले. झोपेतून उठून पळत, कोटाविना. मी विचारलं, ती झेशूफला आईकडे गेली असेल का, पत्ता काय?

"इस्पितळात," ते म्हणाले. "बायको महिनाभर तिथेच पडून होती. उठू नका म्हणाले होते. सोमवारी बाळ झालं. तुमच्या समोरच फोन आला, बाई. सातव्या महिन्यात. एवढुसं आहे." आणि दोन तळवे जोडून दाखवले.

मी ते तळवे याआधी पाहिलेत.

देवा, तिला रस्त्यावर कुणीतरी भेटू दे. चांगलं कुणीतरी. मी तिला म्हटलं होतं, तिच्यामुळे. मीच म्हटलं होतं.

फोन वाजत नाही.

वाज

१४ डिसेंबर, शनिवार

सापडली. काल लिहिणं तिथेच तुटलं, कारण फोन वाजला.

इस्पितळाच्या पहारेकऱ्याचा होता. नवजात मुलांच्या विभागाच्या दारात एक मुलगी उभी आहे, दप्तर उघडून दाखवते आणि आत सोडा म्हणते. बसमध्ये ती एका म्हातारीशेजारी बसली होती, चालकाला वाटलं नात आहे. शहरात उतरून विचारत विचारत गेली. बर्फातून, पातळ बुटांनी.

वडिलांबरोबर मीही गेले. त्यांनी नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. 

ती बाकावर बसली होती, मांडीवर दप्तर, त्यातून काड्या बाहेर आलेल्या. अंगावर नर्सचा कोट. वडिलांनी तिला उचललं तेव्हा ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. मला पाहून मूल इतकं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असेल आणि त्याला शिस्त म्हटलं असेल.

नर्सने तिला समजावलं होतं, की बाळ काचेच्या पेटीत आहे, पेटी उबदार आहे, काडी आत नेता येत नाही. ते तिने मानलं होतं. तिची काळजी वेगळीच होती.

"बाई, आता किती काढणार?"

"एकही नाही, कलिना."

"पण मी चोरी केली."

"तरी नाही."

तिने विचार केला. मग म्हणाली, "कुठून काढणार? आता आहेतच कुठे? मी म्हणून तर सगळ्या घेतल्या. म्हणजे तुम्हाला त्याच्या खालच्या काढता येणार नाहीत."

मी इस्पितळाच्या मुतारीत जाऊन रडले. रडून तिला काय उपयोग, हे कळत होतं, तरी रडले.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी सिस्टरांना सांगितलं, वर्ग दुसऱ्या कुणाला द्या.

"कलिनाला पळून जायचं होतं ते कळतं," त्या म्हणाल्या. "तुला कुठे पळायचंय? जा वर्गात. लिद्काच्या आईशी मी बोलते."

वर्गाला सांगितलं, आजपासून गव्हाणीतून कुणी काही काढायचं नाही. माझं चुकलं. डब्यातल्या सगळ्या काड्या मी परत आत ओतल्या. मुलं आ वासून बघत राहिली. लिद्काने हात वर केला. "मग वाईट कोण हे कसं कळणार, बाई?"

पंधरा दिवसांत मी हे शिकवलं. सात वर्षांच्या मुलीला. तिच्या मनगटावरचे दात आता दिसतही नाहीत.

मी म्हटलं, "आपल्याला ते कळायची गरज नाही, लिद्का." तिचा विश्वास बसला नाही. इतके दिवस उलटं सांगणारीही मीच होते.

१९ डिसेंबर, गुरुवार

कलिना आली. दाराशी थांबली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि गव्हाणीला वळसा घालून जागेवर गेली. सुट्टीत तसंच. घरी जाताना तसंच. हात लावला नाही असं सगळ्यांना दिसावं म्हणून.

बाळाला इस्पितळातल्या फादरांनी घाईने बाप्तिस्मा दिला. नाव विट. वजन अजून उतरतंच आहे. हे मला तिने सांगितलं नाही, वडिलांनी फाटकाशी सांगितलं. मी त्यांची टोपी त्यांना परत दिली.

२० डिसेंबर, शुक्रवार

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवली. मी कलिनाला म्हटलं, एक काडी टाकतेस? तिने मान हलवली. "मी नाही हात लावणार." उर्मट नव्हती. अगदी नम्रपणे म्हणाली, दुकानात नको म्हणतात तशी.

२४ डिसेंबर, मंगळवार

आईने परस्परच सगळं केलं. रविवारी चर्चच्या दारात रोमान स्तेत्सना गाठलं. कलिनाच्या आईला ताप आहे, आज संध्याकाळी त्यांना इस्पितळात थांबायचं होतं आणि लहान मुलांना तिथे थांबू देत नाहीत.

"नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे एक ताट जास्तच मांडलेलं असतं," आई त्यांना म्हणाली. "दरवर्षी अनोळखी पाहुण्यासाठी मांडतो आणि दरवर्षी कोरडंच उचलतो. एकदा तरी कुणी जेवू दे त्यात."

"अहो, पण ती बाईंना..." ते अडखळले.

"बाईंना काय! बाईंना मी लहानपणापासून ओळखते. चावत नाहीत."

ते मला आईने घरी आल्यावर सांगितलं. मी म्हटलं, ती यायचीच नाही. पण आली. पांढरा सदरा, दोन रंगांचे मोजे. पहिली चांदणी दिसल्यावरच जेवायला बसायचं, तोवर खिडकीशी उभी होती. माझ्याशी बोलली नाही. आईशी मात्र बोलली, आईने तिला बीटचं सार ढवळायला दिलं, केरसुणीची गोष्टही सांगितली. "सगळ्या केरसुणीच्या? आणि कुणी काढल्या नाहीत?" "छे गं. मी नवी केरसुणी आणली." कलिनाने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. खोटं बोलणाऱ्या मोठ्या माणसाकडे बघतात तसं, पण जरा आपुलकीने.

जेवणाआधी रिवाजाप्रमाणे नाताळची पातळ पापडी मोडून आम्ही एकमेकींना शुभेच्छा दिल्या. मला तिला बरंच काही म्हणायचं होतं. म्हटलं एवढंच, "विट मोठा होवो." ती म्हणाली, "तुमचा घसा बरा होवो." मला हसू आलं नि रडूही. घसा दुखतो असं मी त्या वर्गाला रोज ऐकवत होते.

सार झालं, मासा झाला. मग आईची दरवर्षीची हौस. टेबलाच्या कापडाखाली गवत पसरलेलं असतं, त्यातली एक काडी न बघता ओढायची. लांब निघाली तर लांब आयुष्य. आईने ओढली, बोटभर निघाली. "झालं, यंदा माझी तयारी करा," म्हणून ती हसायला लागली. मी ओढली, माझी बरी होती. "आता तू गं. एक तुझी, एक भावाची."

कलिनाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"काढू नका," ती म्हणाली.

"अगं, खेळ आहे."

"काढली की खालची कमी होते."  आईने हसू आवरलं आणि माझ्याकडे बघितलं.  हे गवत वेगळं आहे, तो नियम बंद झाला, असं सांगितलं तर ती मान डोलावेल आणि मानणार नाही, हे मला दिसत होतं.

म्हणून मी कापडाचं टोक वर केलं आणि माझी काडी होती तिथे परत सारली. 

ती बघत राहिली. "परत ठेवता येते?"

"येते."

"केव्हाही?"

"केव्हाही."

मग तिने एक हात मांडीखालून काढला. आईच्या ताटाजवळची ती बोटभर काडी उचलली, कापड वर केलं, काडी आत ठेवली आणि वरून तळव्याने दाबून बसवली. मग दुसरा हातही काढला आणि टेबलाभोवती फिरत, कापडाखालचं सगळं गवत रिकाम्या ताटाखाली लोटत गेली. ती जेवली ते पाहुण्याचं ताट तिने आता पुढे सरकवलं होतं, "हे विटचं" म्हणून.

यंदा आमच्या घरात कुणाचंच आयुष्य किती ते कळलं नाही. गवत सगळं आत राहिलं.